एक कमी

नऊ वाजेपर्यंत काहीच नाही.
खाली गंगापूरच्या धरणाचं पाणी, जस्ताच्या पत्र्यासारखं निपचित,
द्राक्षांचे क्रेट लादलेली एक पिकअप गिरणाऱ्याकडून शहराकडे,
आणि इथे वणव्यानं काळी झालेली डोंगराची सोंड.
तिच्यावर आम्ही तिघं:
वनखात्यातला सोमा भोये,
वही घेतलेली निखत,
आणि गुडघ्याला पट्टा बांधून चढलेली मी.
रहाडीतला रंग अजून माझ्या नखांच्या कडेला.

निखत लिहिते: आठ ते नऊ, वारा नैऋत्येचा, शून्य.
शून्यही लिहायचं असतं,
हे मला कुणी शिकवायला नको.

मग कातळ तापतो.
आधी वर जाते जळक्या गवताची राख,
मग पळसाचं एक वाळकं पान, गोल गोल,
मग त्याच न दिसणाऱ्या जिन्यावरून
पहिला भोवत्या,
पंख किंचित वर धरलेले, जणू ओले आहेत.

‘त्याच्या मागं सापमार,’ सोमा म्हणतो.
दुर्बीण त्यानं गळ्यातच ठेवलेली.

नियम साधे आहेत.
समोरच्या सुळक्यापलीकडे गेला तो मोजायचा.
माघारी फिरला तो वजा.
कड्यावर राहणारं गिधाड मोजायचं नाही,
ते घरचं.

‘काकू, तुमचा अंगठा का हलतो हो?’
मला कळलंच नव्हतं.
चौतीस वर्षं, पोरी, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये.
ओल्या स्पंजावर बोट, पाच-पाचचा घास,
शंभराला कागदाची पट्टी.
किंमत वाचायची नाही. कागद बघायचा:
शाई फुटली का, कड तिरपी गेली का.
इथंही तेच बघते.
शेपटीची कड. पंखाचं टोक.

साडेअकराला आभाळ एकदम भरलं.
भोवऱ्यात चढत गेले सगळे, ठिपक्यांएवढे झाले,
आणि वरच्या टोकाहून एकामागून एक
उत्तरेकडे ओघळले,
उतारावर सोडलेल्या सायकलीसारखे, पायडल न मारता.

‘एकेचाळीस,’ मी म्हणाले.
‘चाळीस,’ निखत म्हणाली.
सोमानं डोळे चोळले. ‘चाळीसच वाटले.’

एक कमी.

एक कमी भरली की दारं बंद व्हायची.
ती रात्र. आम्ही बारा बायका.
टेबलं उलटी केली, केरसुणीनं फरशी, मग आमचे अंबाडे, चपला, पदर.
घरी पोर पाच महिन्यांची.
सात वाजले, आठ वाजले,
ब्लाउज पुढून ओला होत गेला
आणि मी हाताची घडी घालून उभी,
जसं काही ते दूधही चोरीचं होतं.

इथे दारं नाहीत.
या सोंडेवर हरवलेल्या एकासाठी
कुणी कुणाला थांबवत नाही.
तो धुरकटात गेला, तो गेला.
त्याचा नंबर नाही, मालिका नाही,
त्याच्या पोटात कुठल्या शेतातला टोळ आहे
आणि पुढच्या मुक्कामी त्याला कोण ओळखणार आहे,
याची पावती नाही.

मला वाटलं होतं, याचं बरं वाटेल.
बरं वाटलंही.
पण अंगठा थांबेना.

निखतनं चाळीस लिहिलं,
शेजारी शिसपेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं.
सोमानं भाकरी सोडली, लसणाची चटणी पुढे केली,
म्हणाला, ‘एखादा माघारी ऱ्हायला आसल.
रातीला कड्यावर बसंल. सकाळी जाईल.’
म्हणजे उद्याच्या पानावर.

उतरताना, करवंदीच्या जाळीपाशी,
निखतनं विचारलं, ‘मग? सापडली का ती नोट?’

सापडली. पावणेदहाला.
दुसरीला चिकटून होती.
ओल्या बोटाखालून दोन गेल्या होत्या
एकीसारख्या.

निखत थांबली. मागे वळून वर बघितलं.
वर आता काही नव्हतं,
एक घार होती, घरचीच,
आणि वहीतलं ते प्रश्नचिन्ह तिनं
उभ्या उभ्या खोडून टाकलं नाही,
थोडं ठळक केलं.