डाव्या दारावरची रेघ

बॉनेटपासून निघालेली रेघ
डाव्या दारावर, मुठीच्या चार बोटं अलीकडे
थांबते.
उजवीकडे ती शेवटपर्यंत जाते,
शहाण्या मुलीसारखी.

नव्वद वर्षांची गाडी. ननीटनच्या गॅरेजात
दर रविवारी मी आणि लेन हॅडली
तिच्यापुढे उकिडवे बसतो.
रंगाचे थर उतरवले: हिरवा, काळा, पुन्हा हिरवा,
मध्येच एक पांढरा, कुणाच्या तरी लग्नापुरता.
खाली पत्रा. पत्र्यावर रेघ. अर्धीच.

लेन म्हणाला, ठोकणारा डावखुरा असणार,
त्या कोपऱ्यात हात पोचला नसेल.
मग मागचं मडगार्ड एवढं नेटकं कसं?
लेनने चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून आत पडलं.

त्याची बहीण डोरीन म्हणाली, शुक्रवार असेल, भोंगा झाला,
सोमवारी दुसराच माणूस आला.
हे मला पटलं,
पुढच्या रविवारपर्यंत.
त्या दिवशी दाराचं अस्तर काढलं
तर रेघ थांबते तिथेच
शिसं भरून बुजवलेली पाच भोकं.
ओळीत नाहीत. कसला आकारही होत नाही.
कागदावर छापून घेतली, फिरवली, उलटी धरली,
फ्रिजवर लावून ठेवली.

मी दातांची डॉक्टर.
दुसऱ्याने भरलेली दाढ उघडली
की मला त्याचा हात कळतो:
भित्रा, उतावळा, किंवा जेवणाच्या सुट्टीआधीचा.
हा हात घाईतला नव्हता.
शिसं इतकं घोटलेलं की बाहेरून नख अडकत नाही.
ज्याने एवढ्या निगुतीने झाकलं
त्याला चार बोटं रेघ जड होती?

"पुरी करू या का आपण?" लेनने विचारलं.
हातात चुलत्याचा लाकडी हातोडा.
चुलता कॉव्हेंट्रीत पत्रे ठोकायचा.
"तोच नसेल ना रे?"
"तो उजवा होता," लेन म्हणाला,
"आणि शिशाला शिवायचा नाही."
हातोडा त्याने खिळ्याला परत टांगला.

मी डोळे मिटून बोट फिरवते.
रेघ येते, येते,
आणि जिना संपल्यावर अंधारात
आणखी एक पायरी उतरायला जावं
तसं बोट पुढे पडतं.

शेवटी रंग दिला. हिरवाच.
बघायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो,
आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो,
आज कुणी सांगायचं,
आणि काय.