अट

कोर्ट नाक्यावर, पिंपळाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहितो आहे.
लिहून देणार, लिहून घेणार,
माझ्याकडे माणसांच्या एवढ्या दोनच जाती.

चांगुणा मढवी आल्या गोठिवलीहून,
मुलगा, सून आणि प्लास्टिकच्या पिशवीत घरपट्टी.
गावठाणातलं घर, वर दोन भाडेकरू, खाली त्या.
बक्षीसपत्र करायचं होतं.
मुलाच्या नावे केलं तर मुद्रांक स्वस्त पडतो
हे मुलाला माझ्याआधी ठाऊक होतं.

मी नेहमीचा मसुदा उघडला, नावं बदलली,
वाचून दाखवलं:
नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी,
कोणत्याही मोबदल्याशिवाय...

"थांब," त्या म्हणाल्या.
"मोबदल्याशिवाय कसा?"

मुलाने घड्याळ पाहिलं. टोकन अकरा वीसचं.

कायद्यात एक कलम आहे, तेविसावं.
सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर
सांभाळलं नाही तर परत मागता येतं.
पण अट कागदावर हवी,
मनातली अट प्रांतांपुढे फार वेळ उभी राहत नाही.
हे मी सगळ्यांना सांगत नाही.
द्यायच्या दिवशी लोक पेढे घेऊन येतात,
त्यात कलम कुठे घालणार?
त्या दिवशी सांगितलं. का, ते माहीत नाही.

"मग लिव," त्या म्हणाल्या.
"खालची खोली माजी. मरंपरत.
आयतवारी म्हावरा. नजर गेली तर काटे कारून.
मना हाक मारायची ती खोलीत येऊन,
भिंतीपलीकरून नाय."

मी लिहीत गेलो:
अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार
व शारीरिक गरजांची पूर्तता.
सगळं बसलं या ओळीत. काटे बसेनात.

"आनि मी आंथरुनातच केला, तर..."
कर्सर लुकलुकत राहिला.
"...तर सुनंनी नाय कारायचा.
बाई ठेवायची. पैसं वरच्या भाऱ्यातलं."

सून तोवर पंख्याखाली उभी होती.
ती येऊन त्यांच्या शेजारी बसली,
बाकावर जागा नसताना.
मुलगा म्हणाला, "आये, एवढा लिवायला लागतं?"
"तुज्यासाठी नाय रं. तू हाईसच.
उद्याच्या तुज्यासाठी."

मशीनवर अंगठा चार वेळा उठला नाही.
मिठागरात गेलेल्या रेषा, त्यांनी पदराला पुसला,
पाचव्यांदा उठला.
निबंधक साहेबांनी पान सातवरचे काटे दोनदा वाचले,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
आणि शिक्का मारला.

माझ्या खारेगावच्या घरी
आठ महिने एक फाइल उघडीच आहे.
माझं स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र.
नळ्या नकोत, हे लिहून झालंय.
व्हेंटिलेटर नको, तेही, ठळक अक्षरात.
दोन साक्षीदार ठरलेत, शेजारचे स्टॅम्पवाले.
फक्त एक ओळ:
मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीने निर्णय घेणार...
पुढे दोन टिंबं, आणि पांढरं.

शुभदा होती तेव्हा हे सोपं होतं.
मूल नाही. एक भाऊ आहे, डोंबिवलीला.
वडिलांच्या खोलीवरून आमची तारीख चालू आहे,
नववं वर्ष.
वडिलांनी काही लिहून ठेवलं नव्हतं.
सगळ्या नाक्याला लिहून देणाऱ्याच्या घरात
एक ओळ नव्हती.

त्या रात्री मी त्याचा नंबर लावला.
नाव सेव्ह केलेलं नाही, पाठ आहे.
"पुढची सतरा तारीख ना?" पलीकडून तो म्हणाला,
हॅलोच्या जागी.

"तारखेचं नाही," मी म्हणालो.
आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मला मसुदा सुचेना.