आसुछु की

उजळाईवाडीत माझ्या तीन खोल्या भाड्यानं.
निपाणीची नर्स कन्नडात भांडते,
मराठीत समजूत काढते.
हैदरभाई गांधीनगरहून गठ्ठे घेऊन
शेवटच्या केएमटीनं उतरतो;
गठ्ठ्याचंही तिकीट फाडलं म्हणून
रोज तेवढाच चिडतो.

कोपऱ्यातला बाउरीबंधू फौंड्रीतला.
नखांतली काळी वाळू रविवारीही निघत नाही.
रविवारीच तो गच्चीवर, बनियन पिळता पिळता
ओडिशात आईला फोन लावतो,
आणि नेमकं तेव्हाच विमान
पाण्याच्या टाकीवरून इतकं खाली येतं
की चाकं मोजावीत.

तिकडं म्हातारीला घरघर ऐकू जाते.
'आसुछु की?'
येतोयस का?
तो हसतो. दोरीवर चिमटे लावत राहतो.

चार वर्षं झाली.
विमानात आमच्यापैकी कुणीच बसलेलं नाही.

मागच्या रविवारी त्याला जादा पाळी लागली,
फोन खोलीतच वाजत राहिला.
मीच उचलला. डोक्यावर विमान.
तिनं विचारलं, तेच.
मला कळलं, पण
'नाही' कसं म्हणतात त्यांच्यात,
ते विचारायचंच राहिलं होतं.
म्हटलं, जेवलाय त्यो,
जेवलाय गं बाई.