ओळखीची खूण

शुक्रवारी घालाच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं.
बाहेर सेहेचाळीस, पेटीत सदतीस.
मस्कतमध्ये इतकी माणसाजोगी हवा
ऑगस्टात फक्त या स्टीलच्या दारामागे मिळते,
आणि ती माझ्यासाठी नाही.

पेशींना सुट्टी कळत नाही.
बाटली आडवी धरते उजेडाकडे:
परवाचं गुलाबी पाणी
काविळीच्या डोळ्यासारखं पिवळं.
म्हणजे जेवल्यात पोटभर.
जुनं पाणी मी फेकत नाही,
मोजायचं असतं ते त्यातच.

भिकाजी खवणेकर, एसी मेकॅनिक, रूवी.
सहा जणांच्या खोलीत आठ वर्षं, म्हणाले होते.
फॉर्म अरबीत आणि इंग्रजीत,
समजावायला मला खाली बोलावलं.
आतड्याचा तुकडा ठेवू का, अभ्यासाला?
ठेवा की. मग जरा थांबून:
"तेका दुखतला काय गो, भायर काढल्यार?"
नाही म्हटलं मी.
सही देवनागरीत केली, शिरोरेघ न मोडता.

मार्चमध्ये गेले, दुसऱ्या पेटीतून,
विमानाच्या पोटात, सामानाशेजारी.
रेसिडेंट कार्ड रद्द झालं.
बाटलीवर लिहिलंय: के-सात, पिढी एकोणतीस.

वहीत माझ्या अक्षरात:
तिसऱ्या दिवशी चार. सहाव्या दिवशी नऊ.
मग तळ भरला, खांद्याला खांदा लागला,
वाढायला जागाच उरली नाही,
आणि अकराव्या दिवशी एकसष्ट.
पुन्हा केलं. अठ्ठावन्न.
डॉक्टर शम्सा म्हणाल्या, या असंच करतात.
धावपळीत असतात तोवर गप्प,
दाटीत अडकून बसल्या की
खूण सोडायला लागतात पाण्यात.

खूण.
पासपोर्टात त्यांच्या होती: डाव्या भुवईवर व्रण.
ती जळली खवण्याच्या समुद्राकाठी.
ही अजून तयार होतेय, नॅनोग्रॅममध्ये,
कुणी कागद मागत नसताना.

एकदा त्यांच्या बायकोचा फोन आला होता.
नंबर कुणी दिला कोण जाणे.
बॅग पोचली, घड्याळ पोचलं, ड्रिल मशीनसुद्धा.
"आजून काय रवला हा तेंचा थंय?"
मी प्लेटमध्ये नुकतंच आम्ल घातलं होतं,
शहाण्णव घरं निळ्याची पिवळी होत होती,
वाचायला पंधरा मिनिटं असतात.
"नाही," म्हटलं. मग म्हटलं, "बघते हं."

बघतेच आहे.
नवं पाणी घातलं,
त्यात दहा टक्के वासराचं रक्तजल.
झाकण अर्धा आटा सैल ठेवलं,
श्वासापुरतं.