उलट्या बाजूने

रंग मागून भरायचा,
पहिल्या दिवशी मिसाओबाई एवढंच म्हणाल्या
आणि सेल्युलॉइडचा ताव पालथा करून
माझ्यापुढे सरकवला.
रेषा पलीकडच्या अंगाला, मी अलीकडे.
पालथ्या मुलीचा भांग भलत्या बाजूला,
तिची नजर माझ्यावर नाही, माझ्या मागच्या भिंतीवर.

तानाशी स्टेशनामागे, तोफूवाल्याच्या माडीवर
आम्ही सात बायका, एक रॉकेलची शेगडी,
हातात सुती मोजे, दोन बोटांपुरते कापलेले.
चित्रं काढणारे दुसरीकडे बसत.
त्यांची नावं पडद्यावर येत.
आमच्याकडे यायच्या नुसत्या रेषा
आणि रेषांच्या पोटात आकडे.

आधी डोळ्यातला ठिपका.
पांढरा, तांदळाच्या कणीएवढा.
तो वाळू द्यायचा, मग बाहुली, मग बुबुळ.
घाई केलीस तर मुलगी आंधळी होईल, बाई म्हणत.
मग केसांवरची चकाकी. केस त्यानंतर.
रंग फासायचा नाही;
थेंब मधोमध ठेवायचा
आणि कुंचल्याच्या टोकाने त्याला चालवत न्यायचं
रेषेपर्यंत, पाहुण्याला उंबऱ्यापर्यंत पोचवावं तसं.
रेषेखाली थोडा शिरू दे.
ओलांडू देऊ नकोस.

सावलीची हद्द निळ्या पेन्सिलीची.
सरावाच्या तावावर मी गालात काळा कालवला
तर बाईंनी ताव खिडकीशी धरला:
"हे प्रेत आहे का?
सावलीतही रक्त असतं, पोरी.
गाल अंधारात गेला तरी थोडा जांभळा उरतो."

जूनच्या दमट दिवसांत रंग वाळत नसे.
तावांमधले कागद चिकटून बसत,
सोलताना कुणाचा तरी खांदा निघून येई.
तो खांदा पुन्हा भरायचे पैसे मिळत नसत.

शोवा अठ्ठावन्नचा हिवाळा, रात्रीचे दोन,
पिवळ्या दिव्याखाली मी शेजारची बाटली उचलली.
तेहतीसऐवजी चौतीस.
तीन ताव.
बोट सुटते, मुलगी धक्क्यावर उभी, चेहरा कोरा,
असं सोबतच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं.
माझ्या हातून तिचे गाल पाव सेकंद तापले.

गुरुवारी संध्याकाळी भात करपवून मी टीव्हीसमोर बसले.
आलं. गेलं.
वर्तमानपत्रातून मान वर काढून नवरा म्हणाला,
"हिचा जीव जडलाय वाटतं त्या बोटीवाल्यावर."
त्याआधी नाही, त्यानंतर नाही,
कार्टूनबद्दल त्याचं ते एकुलतं एक वाक्य.

मी कुणाला सांगितलं नाही.
बाईंनाही नाही.
पण सोमवारी चौतीसची बाटली
सगळ्यात वरच्या फळीवर होती,
माझा हात पोचणार नाही अशी.

आता ओगिकुबोत, पाचव्या मजल्यावर,
इत्सुकी बादली ओततो म्हणजे एक टिचकी मारतो
आणि आख्खी बाही क्षणात निळी.
कधी रेषेत केसाएवढी फट राहून जाते,
मग तोच निळा मनगटावरून हनुवटीवर,
हनुवटीवरून आभाळभर.
तो हसतो. एक बटण, आणि सांडलेलं मागे वळतं.
मी त्याच्या खुर्चीमागे उभी असते,
पगारी डोळे म्हणून.
फट कुठे आहे ते मला त्याच्या आधी दिसतं.

काल त्याने विचारलं,
त्वचेची सावली जरा करडी घेऊ?
"हे प्रेत आहे का?" माझ्या तोंडून गेलं.
तो दचकला. मीही.

मग मी त्याला चित्र उलटं करायला लावलं,
आरशात धरल्यासारखं.
भांग भलत्या बाजूला गेला,
नजर आमच्या मागच्या भिंतीवर.
"हं," मी म्हटलं,
"आता ओळखीची वाटतेय. भर."