पाणी घातलं

मोहॉक नदीच्या वरच्या अंगाला, ऑरिन व्रूमनच्या कोठारात
तीन ट्रॅक्टर उभे होते, गवत कापायचे, विजेवर चालणारे,
माझ्याहून दोन-तीन वर्षांनी धाकटे.
ज्या कारखान्यात ते जुळले, त्याच्या पार्किंगच्या फटींतून
आता बर्चची झाडं चांगली पोसलीत,
असं ऑरिन म्हणाला, मी न विचारता.

पहिला देखणा. ताजा नारिंगी रंग,
सीटला नवं काळं कातडं.
मी गुडघे टेकून खाली वाकले.
रंग गंजावरूनच फासलेला. बॅटऱ्यांच्या पेटीचा तळ
बोटानं दाबला तर बिस्किटासारखा चुरला.
ऑरिननं टोपी जरा मागे सारली.
"गिऱ्हाइकं बहुतेक उभ्या-उभ्याच बघतात," तो म्हणाला.

दुसरा चालत होता. छान चालत होता.
मी व्होल्टमीटर लावला. सहा बॅटऱ्या, सहा-सहा व्होल्टच्या,
पाच एका घरच्या, सहावी पाहुणी.
चढावर नेला तेव्हा पाहुणीनं मान टाकली.
आणि वायरिंग कुणा हुशार माणसानं केलेलं,
घाईत, एकट्यानं, सगळ्या वायरी लाल.
हुशार माणसांची मला धास्ती आहे.
एकाशी बावीस वर्षं संसार केला.
घरातलं सगळं दुरुस्त केलं त्यानं,
आणि कुठे काय जोडलंय ते न सांगता गेला.

पेट्रोलचा नको, हे मी फोनवरच सांगितलं होतं.
माझ्या अडीच एकरांत टिटवीच्या जातीची किलडिअर
उघड्या जमिनीवर, खड्यांसारखी अंडी घालते.
इंजिनाच्या आवाजात तिची ओरड ऐकू येत नाही.
मागच्या जूनमध्ये नव्हती आली.
त्याबद्दल एवढंच.

"तिसरा विकायचा नाही," ऑरिन म्हणाला.
मग थोड्या वेळानं, "तसा आहे."

बॉनेटला पोचा. सीटवर चिकटपट्टीचे थर.
सीट उचलली, तर खाली पत्र्याचा तुकडा ठोकलेला
आणि त्यावर पेन्सिलीनं, तारखेपुढे तारीख:
पाणी घातलं. कार्बन ब्रश बदलले. पाणी घातलं.
पात्यांना धार. पाणी घातलं.
ताठ, इंजिनिअरी अक्षर. पुढे एका वसंतापासून
ते गोल आणि उजवीकडे कललेलं.
"ही लुएला," तो म्हणाला.
पाणी घातलं. टर्मिनल पुसले. ओरिओल परत आले.
पाणी घातलं, ऑ. हॉस्पिटलात.
पाणी घातलं, ऑ. घरी, चिडचिडा.
मग पत्र्यावर चार बोटं कोरी जागा.
मग पुन्हा ताठ अक्षर, आता जरा थरथरतं.

मी तरीही सगळं तपासलं. ताकही फुंकून पिते मी.
सहाही बॅटऱ्यांचा आकडा सारखा.
किल्ली फिरवली की रिलेचा एकच स्वच्छ टक्.
"मागे घेताना खडखडतो," तो आपणहून म्हणाला,
"आणि डावीकडचं पातं थंडीत रुसतं."

नऊशे डॉलर सांगितले. मी आठशे म्हणाले, रीत म्हणून.
तो म्हणाला, साडेनऊशे.
मी गुपचूप नऊशे मोजले.

ट्रेलरवर चढवताना त्यानं हात लावू दिला नाही.
पट्टे आवळले, एकदा सोडले, पुन्हा आवळले.

शनिवारी निम्मं गवत कापून झालं होतं.
फक्त पात्यांची घरघर, आणि तिच्यावरून स्पष्ट,
कर्कश्श, घाबरी, दोनदा ओरड.
पाय ब्रेकवर गेला. मी उतरलेसुद्धा नाही,
वळसा घातला. जेवणाच्या टेबलाएवढं गवत
तिथे अजून उभं आहे. शेजारचे विचारतात.

संध्याकाळी डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन
सीट उचलली. पेन्सिल तिथेच होती, सुतळीनं बांधलेली,
टोकाशी चावलेली, कुणी ते कळायला मार्ग नाही.
पत्र्यावर साधारण अकरा ओळींची जागा उरली होती.
मी अक्षर बारीक काढलं.