हातचा

मार्चचा पहिला शुक्रवार. सास्काटूनमध्ये उणे सत्तावीस.
दुपारी दोनला अदलाबदलीचा बाजार बंद होतो.
शिवणखोलीत रेडिओ चालू असतो, मी ऐकत नसते.
कळायचं ते मला हाकेनंच कळतं.
आजही जिन्यावरून टेड ओरडला,
"डारका, सदतीस नंबर उसव."

सदतीस म्हणजे रौतिआइनेन.
दहा अक्षरं, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत कमान.
सहा वर्षांपूर्वी मीच शिवली होती,
शेवटचा एन काखेत जाईल म्हणून
मध्ये दोनदा उसवून.

वर एक छत आहे, पैशाचं.
लीग ते घालून देते, सगळ्या संघांना एकाच उंचीवर.
आमच्या मालकाची गव्हाची कोठारं
रेल्वेच्या रुळापर्यंत पोचलेली,
तरी छताबाहेर एक डॉलर काढता येत नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण अंथरूण दरवर्षी वीतभर वाढतं
आणि पोरांचे पाय हातभर.

पोर म्हणजे ड्रेव्हर. वय बावीस, गोल एकेचाळीस,
पगार अजून नवशिक्याचा.
उन्हाळ्यात त्याचा करार संपेल,
तो मागेल, आणि द्यावं लागेल.
ते कुठून द्यायचं?
तेहेतीस वर्षांच्या गुडघ्यांतून.
अंगावर पक झेलून झेलून
निळ्या पडलेल्या बरगड्यांतून.

तिसऱ्या मजल्यावर हिशेबाला मारिका बसते.
आयुष्यात कधी स्केट घातले नाहीत तिनं.
एकदा माझ्या डब्यातले पिरोगी खाता खाता म्हणाली,
"आम्ही जागा विकत घेतो, डारका.
फक्त किंमत माणसांत मोजतो."
मग बोटाला लागलेलं लोणी चाटून
कागदावर मला वजाबाकी करून दाखवली.
समोरच्या संघालाही छत आहे,
त्यांना अख्खा रौतिआइनेन पेलत नाही,
म्हणून त्याच्या पगाराचा चौथा हिस्सा
दोन वर्षं आपल्याच वहीत राहील.
शाळेत याला हातचा म्हणायचे.
माणूस गेला, हातचा राहिला.

आणि बदल्यात काय आलं?
पुढच्या पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीतली निवड.
म्हणजे आज सोळाचा असलेला कुणी मुलगा,
कुठल्या तरी गावात आता गणिताच्या तासाला बसलेला,
त्याला माहीत नाही
की एक बाप त्याच्या नावावर जमा झाला आहे.

चूक कुणाची शोधू? सापडत नाही.
ड्रेव्हर गुणी पोरगा, दर ख्रिसमसला मला मध देतो.
मारिकाची बेरीज बरोबर.
मी उसवते.
टाके निघाले तरी भोकं राहतात कापडावर,
उजेडात धरलं की नाव अजून वाचता येतं.

पावणेतीनला तो स्वतःच खाली आला,
कोट घातलेला, हातात काही नाही.
मला वाटलं, शर्ट मागेल आठवणीला.
"आइनोची झिप झाली?"
लेकीचा बर्फातला सूट, लाल,
मंगळवारपासून माझ्या टोपलीत पडलेला.
काल रात्रीच बसवली होती झिप.
जिथे चालला आहे तिथे बर्फ फक्त रिंकवर असतो,
हे त्यालाही ठाऊक, मलाही.
त्यानं ती वर ओढली, खाली ओढली,
पुन्हा वर, गळ्यापर्यंत.
"चांगली चालते," म्हणाला.
पैसे काढायला लागला, मी हात झटकला.
सूट काखेत मारून गेला.
बाहेर त्याची गाडी
दोनदा खोकून सुरू झाली.

मग टेडची हाक, "चौदा नंबर, नवा माणूस!
स्पेलिंग लिहून घे, नीट लिही."
चार अक्षरं.
सुईत दोरा ओवला.
तीन वेळा चुकला.